जुना मालट्रक घ्यावा की सोडावा : आधी कागद, मग चेसिस, शेवटी इंजिन

जुना ट्रक पाहायला गेलेला माणूस बहुधा आधी बोनेट उघडायला लावतो, इंजिन सुरू करायला सांगतो आणि आवाज कानाला बरा वाटला की तिथेच मन पक्के करून टाकतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. इंजिन हा जुन्या ट्रकचा सर्वांत सहज दुरुस्त होणारा भाग आहे. बोअर करणारे, क्रँक घासणारे, पंप-नोझल बसवून देणारे कारागीर नाशिकमध्ये आजही आहेत आणि जे इथे होत नाही ते मालेगावात होते. कुजलेली चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, मात्र कोणी पूर्ववत करून देत नाही आणि नसलेले कागद तर कोणत्याच गॅरेजमध्ये तयार होत नाहीत. त्यामुळे कागद पहिले, चेसिस दुसरी आणि इंजिन शेवटी, या क्रमाने पाहणी केली तर निम्म्या गाड्या इंजिन सुरू करण्यापूर्वीच यादीतून गळतात आणि खरोखर घेण्याजोग्या गाडीसाठी वेळ व पैसा दोन्ही शिल्लक राहतात.

जुना ट्रक म्हणताना माझ्यासमोर प्रामुख्याने पन्नासच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंतच्या गाड्या आहेत. टेल्कोने (आताच्या टाटा मोटर्सने) १९५४ मध्ये डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली आणि तो करार १९६९ मध्ये संपला. त्या काळातल्या टाटा-मर्सिडीज आणि त्यानंतरची टाटा १२१० ही आपल्या भागात सर्वाधिक आढळणारी गाडी. तिच्याखालोखाल अशोक लेलँडचा कॉमेट येतो. हिंदुस्थान मोटर्सचा बेडफर्ड, कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचे डॉज आणि फार्गो आता क्वचितच दिसतात. देवळालीच्या छावणीमुळे नाशिककरांना जबलपूरच्या कारखान्यातला लष्करी ट्रक शक्तिमानही परका नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावरून वर्षानुवर्षे कांदा वाहून नेलेल्या या गाड्यांविषयी मला मनापासून आदर आहे आणि त्या कापल्या जाण्याऐवजी जाणत्या हातांत जाव्यात असे वाटते. पण चुकीची गाडी घेऊन हताश झालेला मालकच ती अखेरीस भंगारवाल्याला देतो, म्हणून खरेदीपूर्वीची कठोर तपासणी ही गाडीच्याही हिताची असते.

गाडी नेमकी कशासाठी हवी

हा प्रश्न विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी घरी बसून सोडवायचा आहे, कारण एका कामासाठी उत्तम असलेली गाडी दुसऱ्या कामासाठी निरुपयोगी ठरते.

रोजच्या भाड्याच्या धंद्यासाठी इतका जुना ट्रक घेऊ नये, हे मी स्पष्टपणे सांगतो. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे, म्हणजे फिटनेसचे, नूतनीकरण करावे लागते आणि त्याचे शुल्क गाडीच्या वयाप्रमाणे चढत जाते. महाराष्ट्रात आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक वाहनांवर पर्यावरण कर लागतो. साध्या दोन आसांच्या ट्रकला बारा वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत, त्यामुळे लासलगावचा कांदा घेऊन उत्तरेत जाण्याचा प्रश्नच उरत नाही. यात जुन्या इंजिनाचा डिझेल खर्च, लहान हौदा आणि कसारा घाटात लागणारा वेळ मिळवला तर हिशेब जमत नाही. ज्याला पोटासाठी गाडी चालवायची आहे, त्याने अलीकडच्या काळातला वापरलेला ट्रक पाहावा.

शेतातल्या किंवा स्वतःच्या आवारातल्या कामासाठी गोष्ट वेगळी आहे. द्राक्षबागेत शेणखत पसरणे, खडी-मुरूम हलवणे, उन्हाळ्यात विहिरीवरून शेततळ्यात पाणी नेणे, असली कामे जुना १२१० निमूटपणे करतो, साध्या पान्यांनी खोलता येतो आणि त्यात बिघडायला इलेक्ट्रॉनिक काही नसते. मात्र बागेचे दोन तुकडे रस्त्याच्या दोन बाजूंना असतील तर रस्ता ओलांडण्यापुरताही नोंदणी, विमा आणि फिटनेसचा प्रश्न उभा राहतो, हे आधीच लक्षात घ्यावे.

तिसरा वर्ग छंदाने गाडी जपणाऱ्यांचा. केंद्राने २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक वय, मूळ स्वरूप कायम, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, असे त्याचे ठळक स्वरूप आहे. अशा नोंदणीची गाडी नियमित किंवा व्यावसायिक कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. हे नियम मुख्यतः खासगी दुचाकी आणि चारचाकी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असल्यामुळे, मालवाहू म्हणून नोंदलेला ट्रक त्यात बसवायचा विचार असेल तर बयाणा देण्यापूर्वी पेठ रस्त्यावरच्या आरटीओत त्या विशिष्ट गाडीचे आरसी बुक दाखवून विचारून घ्यावे. ‘नंतर होऊन जाईल’ या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये.

आणि चौथा वर्ग, जो अलीकडे गंगापूरच्या बाजूला वाढतो आहे, तो रिसॉर्टच्या अंगणात किंवा वाईनरीच्या दारात शोभेसाठी ट्रक उभा करणाऱ्यांचा. त्यांना इंजिनाची गरजच नाही. त्यांनी पत्रा, बोनेट, जाळी आणि दिवे पाहावेत, आणि चांगल्या चालू गाडीची किंमत देऊन ती कायमची उभी करू नये. चालू गाडी चालवणाऱ्याकडे जावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कागद

आरसी बुक हातात घेतल्यावर मालकाचे नाव सगळेच पाहतात. त्याखेरीज चेसिस नंबर, इंजिन नंबर, इंधनाचा प्रकार, रिकाम्या गाडीचे वजन, कर्जाचा बोजा, कर भरल्याची तारीख आणि फिटनेसची मुदत या सात नोंदी एका कागदावर उतरवून घ्याव्यात, कारण पुढे प्रत्यक्ष गाडीशी त्या ताडून पाहायच्या आहेत. १९८९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना आजच्यासारखा ‘एमएच १५’ धर्तीचा क्रमांक नसून तीन अक्षरे आणि चार आकडे असा जुना क्रमांक असतो. अशा गाडीची नोंद ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढलेली आहे का हे पहिल्यांदा तपासावे. नसेल तर मूळ आरटीओकडून जुन्या रजिस्टरच्या आधारे ती चढवून घ्यावी लागते, ज्याला दलाल मंडळी ‘बॅकलॉग एंट्री’ म्हणतात. हे काम विक्रेत्याने, त्याच्या खर्चाने, व्यवहारापूर्वी करून द्यावे असा आग्रह धरावा. जुने रजिस्टर सापडलेच नाही तर गाडी रस्त्यावर येण्याची आशा सोडून द्यावी आणि किंमतही त्याच हिशेबाने ठरवावी.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या ट्रकबाबत कराची थकबाकी हा सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. गाडी चालली नाही म्हणून कर लागला नसेल, अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत असते. प्रत्यक्षात गाडी वापरात नसल्याची आगाऊ सूचना आरटीओला दिलेली नसेल तर त्या सगळ्या काळाचा कर दंड-व्याजासह साठत जातो आणि हस्तांतराच्या वेळी तो चुकवल्याखेरीज काम पुढे सरकत नाही. त्यामुळे आरटीओतून थकबाकीचा आकडा काढून आणणे आणि प्रलंबित ई-चलने पाहणे ही खरेदीपूर्वीची कामे आहेत.

हस्तांतरासाठी नेहमीच्या विक्रीत नमुना २९ आणि ३० लागतात. मालक हयात नसेल तर वारसाने आधी नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करावी लागते. खेड्यांत हे प्रकरण फार आढळते: गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर, वारस चार, त्यांतला एक विकायला तयार. अशा वेळी सर्व वारसांची लेखी संमती आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असेल तर नमुना २८ ची ना-हरकत आणावी लागते. मालेगावची एमएच ४१ गाडी नाशिकची वाटली तरी कार्यालय वेगळे आहे. बोजाची नोंद असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेच्या सहीचा नमुना ३५ हवा, मग ते कर्ज चाळीस वर्षांपूर्वी फिटलेले का असेना. लष्कराच्या लिलावातला शक्तिमान असेल तर लिलावाची मूळ विक्रीपत्रे अखंड साखळीने दिसली पाहिजेत. लिलावातून आलेल्या गाडीच्या हस्तांतराला नमुना ३२ लागतो. ‘स्टॅम्पपेपरवर लिहून देतो’ एवढ्यावर जो थांबतो, त्याची गाडी रस्त्यासाठी घेऊ नये.

चेसिस नंबर डोळ्यांनी पाहा

नंबर चेसिसच्या उभ्या पट्टीवर ठोकलेला असतो. त्यावर तेल, माती आणि रंगाचे थर बसलेले असतात. डिझेलमध्ये बुडवलेले फडके आणि मऊ वायर ब्रश घेऊन ती जागा हलक्या हाताने साफ करावी, खरवडू नये. मग त्यावर पातळ कागद चिकटवून पेन्सिल आडवी धरून फिरवावी म्हणजे अक्षरे उमटतात. आरटीओत लागतो तो छाप हाच. घाई न करता तो उजेडात पाहावा. कारखान्यात ठोकलेले आकडे सर्वसाधारणपणे एका उंचीचे, एका खोलीचे असतात. एखादाच आकडा अधिक खोल, तिरका किंवा वेगळ्या वळणाचा असेल, नंबराभोवतीचा पत्रा आजूबाजूपेक्षा पातळ किंवा गुळगुळीत लागत असेल, किंवा तेवढ्याच तुकड्याभोवती वेल्डिंगची रेघ दिसत असेल, तर तिथून परत फिरावे. गंजामुळे नंबर पुसट झाला असेल तर ती लबाडी नव्हे, परंतु आरटीओत तो पुन्हा ठोकून घेण्याची परवानगी काढावी लागते आणि त्यात महिने जातात. इंजिन नंबर जुळत नसेल तर तेवढ्यावरून गाडी नाकारू नये. पन्नास वर्षांत इंजिन बदलणे स्वाभाविक आहे, आणि पुष्कळ जुन्या पेट्रोल ट्रकांना पुढे डिझेल इंजिने बसवली गेली. ती नोंद आरसीवर आहे का, एवढेच पाहायचे.

गाडी कुठे चालली आणि कुठे उभी राहिली

नाशिक जिल्ह्यात ही चौकशी विशेष उपयोगी पडते, कारण जिल्ह्याची दोन टोके पावसाच्या बाबतीत दोन वेगळे मुलूख आहेत. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात चार महिने उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि येवला, नांदगाव किंवा सिन्नरच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात तेवढाच काळ उभी असलेली गाडी यांच्या चेसिसमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर असते. कोकणातून आलेल्या गाडीविषयी तर दुप्पट सावध राहावे.

काय वाहिले हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ओली वाळू, मीठ आणि रासायनिक खत वाहिलेल्या ट्रकच्या हौद्यातून सतत पाणी किंवा क्षार झिरपून चेसिसवर पडलेले असतात. टंचाईच्या काळात आपल्याकडे असंख्य जुने ट्रक पाण्याचे टँकर झाले. त्यांत गंजाबरोबरच आतल्या पाण्याच्या हेलकाव्यांनी चेसिसला बसलेला पीळ असतो. टिपर करून खडीसाठी वापरलेल्या गाडीत मागच्या बिजागरीजवळ भेगा शोधाव्यात. त्यामानाने द्राक्षांचे क्रेट, किराणा किंवा कापड वाहिलेली गाडी सुखात राहिलेली असते. या माहितीसाठी मालकापेक्षा जुना ड्रायव्हर किंवा गावातला फिटर अधिक भरवशाचा. गाडी कोणाच्या हातात होती आणि तिचे कोणते दुखणे परत परत निघत होते, हे तो आठवून सांगतो.

चेसिस

या तपासणीला जाताना जुने कपडे, हेडलाइटसारखा प्रखर बॅटरीचा दिवा, अर्धा किलोची लहान हातोडी, टोकदार पेचकस, सुताराची दोरी आणि मोजपट्टी सोबत न्यावी, आणि गाडीखाली किमान तासभर घालवण्याची तयारी ठेवावी.

उभ्या दोन पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर असा हा सांगाडा रिव्हेटांनी जोडलेला असतो. हातोडीने पट्टीवर पुढून मागे थोड्या थोड्या अंतरावर ठोकत जावे. निरोगी पोलाद खणखणते; जिथे आवाज बद्द येतो तिथे पेचकस दाबून पाहावा. सर्वांत दगाबाज जागा म्हणजे जिथे मूळ पट्टीवर मजबुतीसाठी दुसरी पट्टी चढवलेली असते ती. दोन पट्ट्यांच्या फटीत ओल शिरते, आत गंज फुगतो आणि पोलादाचे पापुद्रे सुटू लागतात. बाहेरून नवा काळा रंग असला तरी कडेने पाहिल्यास पट्ट्या मधल्या मधल्या जागी फुगलेल्या दिसतात आणि दोन रिव्हेटांमधली कड नागमोडी झालेली असते. फुगवटा बोटाच्या पेराएवढा दिसू लागला की आतली मूळ पट्टी किती उरली आहे हे कोणी सांगू शकत नाही. अशी गाडी मी रस्त्यासाठी कधीच सुचवत नाही.

रिव्हेटांभोवती तांबूस भुकटी दिसली तर रिव्हेट हलत आहे असे समजावे. थोडे रिव्हेट काढून योग्य जाडीचे हाय-टेन्साइल बोल्ट बसवता येतात, ते दुखणे मोठे नाही. भेगा बहुधा कमानपाट्यांच्या ब्रॅकेटजवळ, केबिनच्या मागच्या बाजूला आणि जिथे कोणीतरी वरच्या किंवा खालच्या कडेला भोक पाडले आहे तिथे सुरू होतात. पट्टीच्या उभ्या भागातले भोक चालते, कडेवरचे भोक ताकद खाते. जुन्या भेगेवर सरळ आडवी वेल्डिंग मारून रंग दिलेला असेल, तर भेग पुढे त्या वेल्डिंगच्या शेजारूनच जाणार हे गृहीत धरावे.

शेवटी सरळपणा. पुढच्या डाव्या पाट्याच्या ब्रॅकेटपासून मागच्या उजव्या ब्रॅकेटपर्यंत दोरी धरून माप घ्यावे, मग उलट कर्णाचे घ्यावे. दोन मापांत बोटाच्या जाडीपेक्षा अधिक फरक आला तर गाडीला कधीतरी मोठा मार बसलेला आहे. मागे उभे राहून पाहिल्यावर मागची चाके पुढच्या चाकांच्या ओळीत न दिसता बाजूला सरकलेली दिसत असतील तर आधी मधला सेंटर बोल्ट तुटून आस सरकला आहे का ते पाहावे, कारण तो दोष स्वस्तात निघतो. चेसिसच वाकलेली असणे ही वेगळी बाब आहे.

केबिन आणि हौदा यांच्याकडे इतक्या काटेकोरपणे पाहण्याचे कारण नाही. त्या काळात बहुतेक ट्रक काउल-चेसिस म्हणून विकले जात आणि केबिन व हौदा स्थानिक बॉडी बिल्डर बांधत असे. केबिनचे लाकूड कुजले असेल तर ते पुन्हा बांधता येते आणि तसे करण्यात मूळपणाला बाध येत नाही. छंदाने घेणाऱ्याने बोनेट, समोरची जाळी, मडगार्ड, डॅशबोर्ड आणि बिल्ला यांच्याकडे लक्ष द्यावे, कारण कारखान्यातून आलेले तेवढेच असते आणि तेच मिळेनासे झाले आहे. सत्तरच्या दशकातल्या नोंदणीच्या गाडीवर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी लावलेली असेल, तर ती बहुधा मागाहून लावलेली आहे असे मानून विक्रेता त्यासाठी मागत असलेली जास्तीची रक्कम देऊ नये.

वजनकाटा

शक्य असेल तर रिकामी गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्यावी. काट्यावरचे वजन आरसीवरच्या रिकाम्या वजनाशी ताडून पाहिले की बऱ्याच गोष्टी आपोआप उघड होतात. वजन पुष्कळ जास्त आले तर चेसिसवर पट्ट्या चढवल्या आहेत किंवा हौदा भारी बांधला आहे. पुष्कळ कमी आले तर काहीतरी मूळचे गेले आहे. शिवाय हेच वजन पुढे किंमत ठरवताना लागते.

इंजिन

इथवर सगळे ठीक असेल तरच बोनेट उघडावे. आपण पोहोचण्यापूर्वी गाडी सुरू करू नका असे आदल्या दिवशी सांगून ठेवावे आणि गेल्याबरोबर इंजिनावर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करावी, कारण थकलेले डिझेल इंजिन थंड असतानाच खरे बोलते.

सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक काढावी. ऑइल दुधाळ असेल तर पाणी आत जात आहे. रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहावे. इंजिन सुरू झाल्यावर सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही निळसर धूर राहिला तर ऑइल जळत आहे, आणि रेस दिल्यावर दाट काळा धूर सुटला तर पंप किंवा नोझलचे काम आहे. सातपूरच्या मायको (आताच्या बॉश) कारखान्यामुळे पंप-नोझलची जाण असलेले हात नाशिकमध्ये कमी नाहीत, त्यामुळे काळ्या धुराची मला फारशी चिंता वाटत नाही.

महत्त्वाची परीक्षा ऑइल भरण्याच्या तोंडाशी होते. इंजिन गरम असताना तिथले झाकण काढून तळहात काही अंतरावर धरावा. हलकी ऊब आणि थोडी वाफ चालते. दर ठोक्याला धूर फुसफुसत बाहेर येत असेल आणि हातावर ऑइलचे थेंब उडत असतील तर रिंगा आणि लाइनर संपलेले आहेत, म्हणजे इंजिन पूर्ण उघडावे लागेल. त्यानंतर गरम इंजिन संथ चालत असताना ऑइल प्रेशरचा काटा पाहावा. तो तळाला टेकत असेल तर क्रँकची बेअरिंगेही त्याच हिशेबात धरावीत. काटे हलतच नसतील तर वायर मुद्दाम काढून ठेवली आहे का ते शोधावे.

टाटांच्या इंजिनाची ओळख पटवणे सोपे आहे. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटर बोअर, ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर. कोणते बसवलेले आहे हे कळले की पिस्टन-लाइनरच्या किटचा भाव नाशिकच्या द्वारका चौकातल्या किंवा मालेगावच्या दुकानात फोनवर विचारता येतो. या दोन्हींचे भाग मिळण्याची अडचण त्यामानाने कमी आहे. लेलँडचेही जमते. बेडफर्ड, डॉज किंवा फार्गोमध्ये मात्र मूळ इंजिन असेल तर हेड, क्रँक आणि वॉटर पंप यांची अवस्था पाहूनच पुढे जावे, कारण एक तडकलेले हेड गाडीला वर्षभर उभी ठेवू शकते. त्यांत सिम्पसन-पर्किन्सचे इंजिन बसवलेले असेल तर काम पुष्कळ सोपे होते.

चालवून पाहणे

रिकामा ट्रक सपाट रस्त्यावर चालवून फारसे काही कळत नाही. परिस्थिती परवानगी देत असेल, विमा व फिटनेस चालू असतील, तर निम्मा माल भरून चढ-उतार असलेल्या रस्त्यावर न्यावा. चांदवडजवळचा राहूड घाट किंवा वणीकडचा चढ त्यासाठी पुरेसा आहे. कागद चालू नसतील तर मालकाच्या शेतातच, बांधाच्या चढावर, हे करावे.

चढावर क्लच घसरतो का, इंजिनाचा आवाज वाढूनही गती वाढत नाही का, हे पाहावे. उतारावर पाय उचलल्यावर गिअर स्वतःहून सुटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. मागून येणारी घरघर ओढताना वाढते की पाय सोडल्यावर, हे लक्षपूर्वक ऐकावे. दोन्ही वेळी येत असेल तर मागच्या आसातली क्राउन-पिनियन ही गिअरची जोडी आणि बेअरिंगे दोन्ही पाहावी लागतील. स्टेअरिंगचा मोकळा फिरण्याचा अंश नियमाप्रमाणे ३० अंशांपेक्षा जास्त असू नये. तो जास्त असेल तर पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे: चाक ज्यावर वळते तो किंगपिन झिजला असेल तर हाताला स्पष्ट जाणवतो आणि हे काम फार महागाचे नाही.

ब्रेकच्या बाबतीत मी कोणतीही सवलत देत नाही. पाच-दहा वर्षे उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होस आणि लायनर सगळे बदलायचेच, असे धरून तो खर्च अंदाजपत्रकात आधीच लिहावा. टायरांवर नक्षी किती उरली यापेक्षा त्यांच्या बाजूवर छापलेला चार आकड्यांचा तारखेचा संकेत पाहावा. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. असा संकेतच नसेल किंवा बाजूला बारीक भेगा पडल्या असतील तर टायर शून्य किमतीचे समजावेत. सहा चाके आणि स्टेपनी धरून सात ९.००-२० टायर, ट्यूब आणि फ्लॅपसह, हा कित्येकदा इंजिनाच्या कामाएवढा मोठा खर्च होतो. जुन्या चाकांची, टायर अडकवून ठेवणारी गंजलेली रिंग हवा भरताना उडून जीव गेल्याच्या घटना या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहेत. ती बदलण्यात काटकसर करू नये आणि हवा लोखंडी पिंजऱ्यात चाक ठेवूनच भरावी.

किंमत कशी ठरवावी

तळाची किंमत भंगाराची. रिकाम्या गाडीचे वजन घ्यावे, हौद्याच्या लाकडाचा आणि रबराचा अंदाज वजा करावा आणि उरलेल्या लोखंडाला त्या आठवड्यातल्या भंगाराच्या भावाने गुणावे. हा आकडा दोन भंगारवाल्यांना विचारून पक्का करावा. कोणतीही गाडी याहून खाली मिळणार नाही आणि कागद नसलेल्या गाडीला याहून फार वर देऊ नये.

वरची किंमत उलट्या बाजूने काढावी. तुमच्या कामाला पूर्ण तयार असलेली तशी गाडी बाजारात कितीला मिळते ते पाहावे आणि त्यातून तुमच्या गाडीला लागणारा सगळा खर्च वजा करावा: थकीत कर, फिटनेस व नंबरप्लेट, ब्रेक, टायर, इंजिन, बॉडी, वायरिंग, आणि गाडी आणण्याचा खर्च. या अंदाजासाठी फिटरचा आकडा तोंडी न घेता कागदावर, कामवार लिहून घ्यावा आणि त्यावर किमान तिसरा हिस्सा वाढवून धरावा, कारण उघडल्यावर नवे काम निघत नाही असा जुना ट्रक नसतो. उरलेली रक्कम तळाच्या किमतीच्या वर असेल तर त्या दोन आकड्यांच्या मध्ये बोलणी करायला जागा आहे. ती तळाच्याही खाली गेली तर ही गाडी हिशेबाने घेण्याजोगी नाही. छंदापायी ती तरीही घ्यावीशी वाटली तर त्यात गैर काही नाही, पण आपण किती रक्कम छंदासाठी देत आहोत हा आकडा घरच्यांसमोर लिहून ठेवावा आणि त्यांच्या संमतीने पुढे जावे.

बोलणी करताना चेसिसचे छाप, वजनकाट्याची चिठ्ठी आणि फिटरचा कागद समोर ठेवावा. ज्याने गाडी प्रेमाने सांभाळली आहे असा मालक दोष दाखवल्याने दुखावत नाही, उलट आपल्या गाडीची कोणीतरी नीट चौकशी केली याचे त्याला समाधान वाटते आणि पुष्कळदा माळ्यावर ठेवलेले जुने भाग, मॅन्युअल किंवा जास्तीची चाकेही तो सोबत देतो. त्यांची आठवण मुद्दाम करून द्यावी.

व्यवहार ठरल्यावर बयाण्याची पावती घ्यावी आणि त्यात चेसिस नंबर, बयाण्याची रक्कम, कर चुकवण्याची जबाबदारी कोणाची आणि हस्तांतर न झाल्यास बयाणा परत मिळण्याची अट स्पष्ट लिहून घ्यावी. उरलेली रक्कम नमुना २९ व ३० वर सह्या होऊन अर्ज आरटीओत दाखल झाल्यावरच बँकेमार्फत द्यावी. गाडी कितीही चालू असली तरी ती चालवत घरी आणू नये. लो-बेड ट्रेलरवर चढवून आणावी, आणि आणल्यावर डिझेलची टाकी काढून धुतल्याशिवाय, फिल्टर व सगळी ऑइले बदलल्याशिवाय इंजिन पुन्हा सुरू करू नये.